रेशमी गाठींचा शहा

इराणी गालिच्याला राजाश्रय देऊन त्याची कीर्ती युरोपच्या दरबारांपर्यंत नेणारा सफवी बादशहा शाह अब्बास पहिला. त्याच्या कारखान्यांतून सोन्याचांदीच्या तारांनी विणलेले गालिचे बाहेर पडत होते, त्याच वर्षांत त्याच्याच हुकमाने त्याचे स्वतःचे घर उजाड होत गेले. या बादशहाच्या आयुष्याचा आणि त्याच्या काळात पालटलेल्या गालिच्याच्या नक्षीचा हा मागोवा.

१६०३ सालच्या मार्च महिन्यात इराणहून आलेले एक शिष्टमंडळ व्हेनिसच्या राजवाड्यात दाखल झाले. तेथील शासक मारिनो ग्रिमानी याच्यासमोर शहाच्या दूताने भेटवस्तू मांडल्या. त्यांत जरीची मौल्यवान वस्त्रे होती आणि सोन्याचांदीच्या तारा घालून विणलेला एक रेशमी गालिचा होता. युरोपातील धनिकांना पौर्वात्य गालिचे नवे नव्हते. परंतु तुर्की लोकरीचे गालिचे पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा प्रकार वेगळाच होता. या भेटीचे भव्य चित्र व्हेनिसच्या त्या राजवाड्याच्या भिंतीवर आजही पाहायला मिळते. शिष्टमंडळ ज्याने पाठवले तो शाह अब्बास तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. तुर्कांविरुद्ध युरोपात मित्र मिळवणे आणि इराणी रेशमाला गिऱ्हाईक शोधणे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. गालिचा त्या दोन्ही कामांसाठी निघालेला वकील होता.

भयाच्या छायेतले बालपण

अब्बासचा जन्म २७ जानेवारी १५७१ रोजी हेरात येथे झाला. त्याचे आजोबा शाह तहमास्प हे इराणचे बादशहा होते. शेरशहाकडून पराभूत झालेल्या हुमायूनला १५४४ मध्ये आश्रय देणारे तहमास्प ते हेच. तहमास्पचा चित्रकलेचा नाद तरुणपणी मोठा होता आणि त्याच्या दरबारातील चित्रकारांची कला ग्रंथांच्या पानांवरून गालिच्यांवरही उतरली होती. अब्बासच्या वाट्याला मात्र या वैभवापेक्षा भय अधिक आले. १५७६ मध्ये तहमास्पचा मृत्यू झाला आणि गादीवर आलेल्या अब्बासच्या काकाने, दुसऱ्या इस्माइलने, घराण्यातील राजपुत्रांची कत्तल आरंभली. हेरातमधील पोरसवदा अब्बासला ठार करण्याचा हुकूमही सुटला होता. हुकमाची अंमलबजावणी करायला निघालेल्या सरदाराने चालढकल केली, तेवढ्यात १५७७ च्या अखेरीस इस्माइलच मरण पावला आणि सहा वर्षांचा अब्बास वाचला.

अब्बासचे वडील मुहम्मद खुदाबंदा हे जवळजवळ अंध होते. तेच आता बादशहा झाले, पण कारभार अब्बासची आई खैरुन्निसा बेगम हिच्या हाती होता. तिचा करारीपणा किझिलबाश या तुर्कमान टोळ्यांच्या सरदारांना सहन झाला नाही आणि १५७९ मध्ये तिची राजवाड्यातच हत्या झाली. १५८६ मध्ये थोरला भाऊ हमजा मिर्झाही मारला गेला. अखेर ऑक्टोबर १५८७ मध्ये मुर्शिद कुली खान या सरदाराने सोळा वर्षांच्या अब्बासला कझविन या राजधानीत आणून वडिलांच्या हयातीतच गादीवर बसवले. खरी सत्ता आपल्याकडेच राहील, असा खानाचा हिशेब होता. दोन वर्षांच्या आत अब्बासने त्या खानाचाच काटा काढला.

आई, भाऊ आणि स्वतःचे बालपण ज्या सरदारांच्या भांडणात होरपळले, त्या सरदारांवर अब्बासने पुढे आयुष्यभर विश्वास टाकला नाही. जॉर्जियन, आर्मेनियन आणि सर्केशियन वंशाच्या, केवळ शहाशी बांधील असलेल्या गुलामांची फौज त्याने उभी केली आणि त्यांच्यातूनच सेनापती व सुभेदार नेमले. या फौजेच्या खर्चासाठी त्याने सरदारांकडील अनेक प्रांत खालसा करून थेट खजिन्याला जोडले. गादीवर बसताच त्याला एक कडवट घोट गिळावा लागला होता. पश्चिमेकडे तुर्क आणि पूर्वेकडे उझबेक अशा दोन शत्रूंशी एकाच वेळी लढणे अशक्य असल्याने १५९० मध्ये त्याने तुर्कांशी तह करून तबरीझसह मोठा मुलूख सोडून दिला. तबरीझ हे गालिचे विणण्याचे जुने केंद्र होते. १५९८ मध्ये उझबेकांकडून हेरात आणि १६०३ मध्ये तुर्कांकडून तबरीझ त्याने परत जिंकून घेतले.

पुस्तकाच्या पानावरून मागावर

अब्बासच्या काळात गालिच्यात काय बदलले हे समजण्यासाठी आधीची परंपरा पाहावी लागते. मराठीत रुळलेला गालिचा हा शब्दच मुळी फारसी आहे. त्याचा मूळ अर्थ लहान गालीचा, म्हणजे लहान आकाराचे लवदार बिछायत. मागावर ताण्याचे उभे धागे ताणायचे, त्यांच्यावर रंगीत लोकरीची वा रेशमाची एकेक गाठ मारत जायचे, गाठींची ओळ पूर्ण झाली की बाण्याचा आडवा धागा घालून ती ठोकून घट्ट करायची आणि शेवटी लव कातरून सारखी करायची, ही त्याची मूळ रीत. तबरीझच्या बाजूला दोन्ही उभ्या धाग्यांना सारखा वेढा देणारी गाठ रूढ होती. काशान, इस्फहान व किरमान येथे एका धाग्याला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्धा वेढा देणारी गाठ वापरत. या दुसऱ्या गाठीत वळणदार रेषा अधिक बारकाईने उतरतात. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळसर हे रंग तेथील रंगाऱ्यांच्या हातचे होते.

भटक्या टोळ्यांतील बायका नक्षी मनात ठेवून विणत असत. डोळ्यांसमोर कागद नसल्याने त्यांच्या नक्षीत चौकोन, तिरप्या रेषा, कोनदार फुले अधिक. तहमास्पच्या काळात दरबारी चित्रकारांनी नक्षीचे आराखडे कागदावर काढायला सुरुवात केली आणि गालिच्याचे रूपच पालटले. ग्रंथाच्या बांधणीवर जसे मधोमध एक पदक आणि चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश तुकडे असतात, तशी रचना गालिच्यावर आली. इराणी कारागीर तिला लचक-तोरंज म्हणतात. तोरंज म्हणजे महाळुंगाच्या जातीचे फळ. शिकारीचे प्रसंग, सिंह, हरणे, चिनी ढंगाचे ढग हेही त्याच वाटेने आले. या परंपरेचा कळस म्हणजे १५३९-४० मध्ये पूर्ण झालेला आर्देबिलचा गालिचा. साडेदहा मीटर लांब आणि पाच मीटरहून अधिक रुंद अशा या गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव व वर्ष विणलेले आहे. सफवी घराण्याचे मूळ पुरुष शेख सफी यांच्या आर्देबिल येथील दर्ग्यात तो होता. १८९३ मध्ये लंडनच्या संग्रहालयाने तो दोन हजार पौंडांना विकत घेतला, तेव्हा प्रसिद्ध कलावंत विल्यम मॉरिस याने त्यासाठी आग्रह धरला होता.

इस्फहानचे कारखाने

१५९७-९८ च्या सुमारास अब्बासने राजधानी कझविनहून इस्फहानला हलवली. देशाच्या मध्यभागी आणि तुर्कांच्या सरहद्दीपासून दूर असलेले हे शहर त्याने नव्याने उभारले. सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद असे नक्श-ए-जहान मैदान, त्याच्या एका टोकाला बाजाराचे प्रवेशद्वार, दुसऱ्या टोकाला शाही मशीद, बाजूंना राजवाडा आणि शेख लुत्फुल्लाची मशीद, शहराच्या मधून जाणारा चारबाग मार्ग आणि नदीवरचा तेहतीस कमानींचा पूल, हे सारे त्याच्या कारकिर्दीत झाले. याच राजवाड्याच्या परिसरात बादशाही कारखाने होते. शिवकालीन अठरा कारखान्यांमुळे मराठी वाचकाला हा शब्द परिचित आहे. राजाच्या खर्चाने, राजाच्या गरजेसाठी चालणारे विभाग असाच त्याचा तेथेही अर्थ होता. चित्रकार, नक्षीकार, रंगारी, विणकर यांना त्यांत पगार मिळे. रझा अब्बासी हा त्या काळचा थोर चित्रकार. त्याच्या नावापुढील अब्बासी ही उपाधी शहाच्या नावावरून आलेली आहे.

या कारखान्यांतील गालिच्यांत शिकारीची दृश्ये आणि प्राणी मागे पडले आणि फुलापानांचे राज्य सुरू झाले. कमळासारखी पूर्ण उमललेली, पंख्यासारख्या पाकळ्यांची मोठी फुले, त्यांना जोडणाऱ्या लांबलचक वेली आणि कोयत्यासारखी वळलेली पाने यांनी सारा पृष्ठभाग व्यापू लागला. मधले पदक कधी लहान झाले, कधी नाहीसे झाले. या मोठ्या फुलाला आजही विणकर शाह अब्बासी याच नावाने ओळखतात. बारीक गाठींची कसोटी थोडी सैल झाली, पण रेशमाच्या लवेमधून सोन्यारुप्याच्या तारांच्या सपाट जागा चमकू लागल्या. ग्रंथाच्या पानासारखा जवळून न्याहाळण्याचा गालिचा आता दरबारात दुरून पाहणाऱ्याचे डोळे दिपवण्यासाठी विणला जाऊ लागला.

पण सगळे इस्फहानमध्येच एकवटले नाही. काशान हे रेशमी कामाचे जुने शहर आपला मान राखून होते. हेरात व खुरासानच्या बाजूला लाल जमिनीवर मोठी फुले आणि ढगांच्या पट्ट्या असलेले गालिचे होत. किरमानमध्ये तर विणकरांनी वेगळेच तंत्र सिद्ध केले होते. ताण्याचे धागे दोन पातळ्यांवर ठेवून त्यांच्यामधून बाण्याच्या तीन फेऱ्या घेतल्या जात, त्यामुळे कापड घट्ट आणि टिकाऊ होई. एकावर एक पसरलेल्या वेलींच्या तीन जाळ्या आणि त्यांत मधूनच डोकावणारी फुलदाणी, ही किरमानच्या नक्षीची ओळख. अब्बासचा विश्वासू सुभेदार गंज अली खान याने किरमानमध्ये बांधलेला बाजार व चौक आजही उभा आहे. भारतातही या गावांची ख्याती होती. अकबराने आपल्या राज्यात विणकर वसवले असले तरी किरमान आणि सब्जवारचे गालिचे बाहेरून येत राहिल्याचे अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत नोंदवले आहे.

रेशमाचे राजकारण

गालिच्यामागे रेशीम होते आणि रेशमामागे पैसा. कास्पियन समुद्राकाठचे गिलान आणि मझांदरान हे रेशमाचे प्रांत अब्बासने १५९० च्या दशकात आपल्या थेट अमलाखाली आणले. तुर्कांशी १६१२ मध्ये झालेल्या तहात दरवर्षी रेशमाचे दोनशे भार देण्याची अट होती, यावरून रेशमाचे मोल ध्यानात येते. परंतु तुर्कांच्या मुलखातून जाणारा माल म्हणजे शत्रूला मिळणारी जकात, हे शल्य अब्बासला होते. त्याने दक्षिणेच्या समुद्राकडे लक्ष वळवले.

त्या समुद्रावर पोर्तुगिजांचे वर्चस्व होते. होर्मुझ बेटावरील त्यांच्या ठाण्यातून इराणी गालिचे गोव्यात आणि तेथून लिस्बनला जात. गोव्याहून ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू अब्बासच्या दरबारी वकील म्हणूनही येऊन गेले होते. १६२२ मध्ये अब्बासने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन होर्मुझ जिंकले. गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेला हा मोठा धक्का होता. समोरच्या किनाऱ्यावरील बंदराला शहाचे नाव मिळाले, ते बंदर अब्बास. त्याच वर्षी त्याने जहांगीरकडून कंदाहारही घेतले. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांशीही त्याचा पत्रव्यवहार होता. मोगलांच्या दडपणाखालील या शिया पंथीय दख्खनी राज्यांना इराणच्या शहाचा नैतिक आधार वाटे आणि अब्बासही जहांगीरकडे त्यांच्यासाठी शब्द टाकी.

रेशमाच्या या व्यापाराची दुसरी बाजू अत्यंत कठोर आहे. १६०४-०५ मध्ये तुर्कांची फौज चालून येत असताना अब्बासने अरास नदीकाठचा मुलूख उद्ध्वस्त करून तेथील आर्मेनियन ख्रिस्ती वस्ती सक्तीने हलवली. नदी ओलांडताना अनेक जण बुडाले, कित्येक वाटेत थंडीने आणि उपासमारीने मेले. जुल्फा हे त्यांचे भरभराटीचे व्यापारी शहर जाळले गेले. जे वाचले, त्यांतील व्यापाऱ्यांना इस्फहानलगत नवे जुल्फा वसवून दिले, चर्च बांधण्याची मुभा दिली आणि सवलती दिल्या. १६१९ मध्ये शहाने रेशमाची निर्यात आपल्या मक्तेदारीखाली घेतली तेव्हा इंग्रजांपेक्षा वरचढ बोली लावून हा व्यवहार याच आर्मेनियनांनी मिळवला. पुढे त्यांच्या पेढ्या सुरतपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत पसरल्या. ज्यांची गावे जळली त्यांनीच शहाचा खजिना भरला.

पोलंडच्या राजाची मागणीही एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्याच हातून आली होती. तिसरा सिगिस्मुंड याने १६०१ मध्ये सेफर मुरातोविच याला काशानला पाठवून रेशमी व जरीचे गालिचे विणून घेतले. हिशेबात राजचिन्ह विणण्याचे पाच क्राउन वेगळे लावलेले होते. या राजाच्या मुलीच्या लग्नानिमित्त त्यांतील काही नग जर्मनीत गेले आणि म्युनिकच्या राजवाड्यात राहिले. पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात एका पोलिश सरदार घराण्याने असेच गालिचे मांडले, तेव्हा ते पोलंडमध्येच विणले गेले असावेत असा समज झाला आणि त्यांना पोलोनेझ हे नाव चिकटले. समज चुकीचा ठरला तरी नाव सुटले नाही.

उजाड झालेले घर

बाहेर असे वैभव वाढत असताना घरात अब्बासचे जुने भय पुन्हा डोके वर काढत होते. आपल्या वडिलांना बाजूला सारून आपण गादीवर आलो, हे तो विसरला नव्हता. थोरला मुलगा सफी मिर्झा लोकप्रिय होता. तो कट करीत असल्याची कुजबुज शहाच्या कानी पडली आणि १६१५ च्या प्रारंभी रश्त येथे त्याच्या हुकमाने सफी मिर्झाची हत्या झाली. कटाचा पुरावा पुढे आला नाही. या कृत्याचा त्याला पश्चात्ताप झाल्याचे सांगितले जाते. मात्र त्यानंतरही त्याचा हात थांबला नाही. १६२१ मध्ये मुहम्मद खुदाबंदा या मुलाचे आणि काही वर्षांनी इमाम कुली या मुलाचे डोळे त्याने काढवले. अंध राजपुत्र गादीवर बसू शकत नाही, असा त्यामागचा विचार. ज्याचे वडील अंध असल्यामुळे घराणे अराजकात लोटले गेले होते, त्यानेच आपल्या मुलांवर अंधत्व लादले.

याच माणसाने १६०१ मध्ये इस्फहान ते मशहद हा शेकडो मैलांचा रस्ता पायी चालून यात्रा केली होती. आर्देबिलच्या दर्ग्याला त्याने आपल्या संग्रहातील हजाराहून अधिक चिनी मातीची भांडी अर्पण केली. नजफच्या दर्ग्यासाठी त्याने दिलेल्या रेशमी गालिच्यांवर दात्याचा उल्लेख त्या दाराशी पडलेला कुत्रा असा नम्रपणे विणलेला आहे. ही नम्रता दिखाऊ होती असे म्हणता येत नाही, आणि क्रौर्य अपघाती होते असेही म्हणता येत नाही. १६१८ मध्ये त्याच्या भेटीस आलेल्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाला तो दिलखुलास, चतुर आणि उत्साही वाटला होता.

१९ जानेवारी १६२९ रोजी मझांदरानमध्ये अब्बासचे निधन झाले. गादी सांभाळू शकेल असा एकही मुलगा उरला नव्हता. ज्याला ठार केले त्या सफी मिर्झाचा मुलगा साम मिर्झा शाह सफी या नावाने गादीवर आला. राजपुत्रांना सुभेदारी न देता जनानखान्यात कोंडून वाढवण्याची अब्बासने पाडलेली प्रथा पुढे घराण्याला भोवली. कारभाराचा व युद्धाचा अनुभव नसलेले शहा एकामागून एक आले आणि १७२२ मध्ये अफगाणांच्या वेढ्यापुढे इस्फहानने शरणागती पत्करली. त्याबरोबर बादशाही कारखानेही संपले.

कारखाने संपले, गाठी राहिल्या

दरबार गेला तरी गालिचा गेला नाही. खेड्यांत आणि टोळ्यांत माग चालूच होते. दरबारी फुले त्यांच्या हाती पडून अधिक कोनदार, अधिक सुटसुटीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तबरीझच्या व्यापाऱ्यांनी निर्यातीसाठी पुन्हा माग उभे केले. सुलतानाबाद, म्हणजे आजचे अराक, येथे १८८३ पासून झिग्लर कंपनीने युरोपच्या दिवाणखान्यांच्या मापाचे आणि तेथील रुचीचे गालिचे विणवले. त्या सुमारास आलेल्या स्वस्त रासायनिक रंगांनी काही काळ मालाचा दर्जा घसरवला, इतका की इराण सरकारला त्यांच्यावर बंदी घालावी लागली. तबरीझचे पदक, हेरीझचे कोनदार फूल, किरमानच्या वेली, काशानची शाह अब्बासी फुले अशा प्रांतोप्रांतीच्या ओळखी या काळात बाजारात पक्क्या झाल्या. २०१० मध्ये फार्स आणि काशान येथील विणकामाच्या कौशल्याला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. २०१३ मध्ये किरमानच्या तंत्राने विणलेला सतराव्या शतकातील एक गालिचा न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३७ लाख डॉलरना विकला गेला. मात्र अमेरिकेने २०१८ मध्ये पुन्हा लादलेल्या निर्बंधांनी आजच्या विणकराची मोठी बाजारपेठ हिरावून घेतली.

भारतात या काळाची एक अस्सल खूण जयपूरला आहे. आमेरच्या राजवाड्यातील एका बंद खोलीत १९३७ मध्ये एक भलामोठा इराणी गालिचा सापडला. त्यावर चारबागेचा नकाशाच विणलेला आहे: एकमेकांना छेदणारे पाण्याचे पाट, त्यांत मासे, काठाने झाडे आणि मधोमध मंडप. त्याला जोडलेल्या नोंदीवर १६३२ हे वर्ष आहे आणि तो परमुलखातला असल्याचे म्हटले आहे. म्हणजे अब्बासच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन वर्षांत तो राजस्थानात पोचला होता.

अब्बासला त्याने उभारलेल्या इस्फहानमध्ये दफन केलेले नाही. त्याची कबर काशानमध्ये आहे, जेथील विणकरांकडे पोलंडच्या राजाने गालिच्यांची मागणी पाठवली होती. मकसूद काशानीसारखे एखादे नाव सोडले तर त्या विणकरांपैकी कुणाचेही नाव गालिच्यावर नाही. नाव राहिले ते शहाचे, तेही एका फुलाला. काशानच्या मागावर बसलेली बाई आजही कागदावरच्या नक्षीकडे पाहून शाह अब्बासी फुलाची पाकळी एकेक गाठ मारत पुरी करते.